उशीवरचे खड्डे

आमचे हे चाळीस वर्षं प्रार्थनेला उशिराच आले. पहिलं गीत संपत आलं की मागचं दार करकरायचं आणि अख्खं चर्च माझ्याकडे वळून बघायचं. हे गेले तेव्हा वाटलं, निदान ती लाज तरी संपली.

कसलं काय! निघताना मी आमच्या गुडघे टेकायच्या दोन्ही उश्या थोपटून सपाट करते. पुढच्या रविवारी बघावं, तर यांच्या उशीवर गुडघ्यांचे दोन ताजे खड्डे.

"मेलेले न्यायाच्या शेवटच्या दिवसापर्यंत झोपलेले असतात," मी तक्रार नेली तेव्हा पाळकसाहेब म्हणाले.

"मग यांना सांगा की झोपायला! जन्मभर कधी वेळेवर उठले नाहीत, आता कसली घाई?"

पाळकसाहेब हसले. मला काही हसू आलं नाही.

आज मी तासभर आधीच जाऊन उभी राहिले. पाळकसाहेबांनी माझ्यासमोर कुलूप काढलं. यांच्या उशीवर खड्डे होतेच. मी करवादून ती थोपटायला वाकले आणि माझं लक्ष शेजारी, माझ्या उशीकडे गेलं.

तिथेही दोन खड्डे होते. डावा उथळ, उजवा खोल. माझा डावा गुडघा दुखतो, म्हणून मी सगळा भार उजव्यावर देते.

आज मी अजून गुडघे टेकलेच नव्हते.