काखेतली शिवण

समुद्रात घालायचा चौथा रबरी वेटसूट आजीच्या गुडघ्यांवरच अडून बसला.

"ओढ की गं!" ती नातीला म्हणाली.

"किती ओढू? आता तूच थोडी बारीक हो," नात घामाघूम होऊन म्हणाली.

"पायात प्लास्टिकची पिशवी घाल आधी. मग चढव."

पिशवी घातली आणि पाय सरकन आत गेला. पडद्याबाहेर दुकानाची मालकीण हसली. ती सर्फिंग शिकवायचीही. "मावशी, ही युक्ती मी माझ्याकडे शिकणाऱ्या पोरींना तिसऱ्या दिवशी सांगते. तुम्हाला कुठून ठाऊक?"

"ऐकली होती कुठेतरी," आजी म्हणाली आणि आरशाकडे वळली.

सूट देखणा होता. गडद निळा, दोन्ही कुशींना पोवळ्याच्या रंगाची पट्टी, हरवलेली कंबर शोधून काढणारा. नातीने पाठीवरची चेन वर ओढली. "आजी, काय दिसतेस! अगदी डॉल्फिन!"

"देवमासा म्हण. मन राखायला खोटं बोलू नकोस."

मग तिने पाणी कापल्यासारखे हात पुढे टाकून पाहिले. उजवा हात कसाबसा खांद्यापर्यंत आला, आणि काखेत शिवण कचकन रुतली.

"काढ," ती म्हणाली.

शिवण का रुतते, हे तिच्याइतकं त्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. टेकडीपलीकडच्या कारखान्यात तिने बावीस वर्षं वेटसूटच शिवले होते. रबरी कापडाच्या कडा एकमेकींना चिकटवायच्या आणि वरून शिवण घालायची. सुई आरपार जाऊ द्यायची नाही, नाहीतर तेवढ्या भोकातून पाणी शिरतं. शेवटी हाताने तीन उलटे टाके घालायचे, ही तिच्या आईची शिकवण. बाकीच्या जणी दोनच घालत. तिच्या हातच्या शिवणी अंगावर घेऊन कितीतरी बायका लाटांवर गेल्या. ती स्वतः घोट्याच्या वर कधी भिजली नाही. आधी सवड नव्हती, मग धीर नव्हता. आता सहासष्टाव्या वर्षी धीर आला, तर खांदा निघाला रुसून. "जे करायचं ते या उन्हाळ्यात करा, पुढच्या वर्षी हा हात एवढाही उचलणार नाही," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

एकदा एक पोरगी कारखान्यातला नवा सूट समुद्रात घालून बघायला घेऊन गेली होती. परत आली ती दोन्ही काखा सोलवटून. आजीने पाहिलं, चार तुकड्यांचा सांधा नेमका काखेच्या खळग्यात येत होता. तिने कुणाला विचारलं नाही. सांधा दोन बोटं मागे, पाठीकडे सरकवला आणि शिवत राहिली. त्रेचाळीस सूट झाल्यावर मुकादमाच्या ध्यानात आलं.

"इथे येताना डोकं घरी ठेवायचं, हात तेवढे आणायचे!" तो सगळ्यांदेखत ओरडला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस सूट भंगारात गेले, आणि तिला मशीनवरून उठवून खोकी भरायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं ती खोकीच भरत होती. घरी तिने सांगितलं, डोळ्यांना त्रास होतो म्हणून काम बदललं. तेव्हापासून कारखान्याचं नाव ती सहसा काढत नसे.

पाचवा सूटही काखेत रुतला. आजीने स्वेटर चढवला, गुंड्या लावल्या.

"राहू दे बाळा. समुद्र कुठे पळून चाललाय?"

समुद्र नव्हे, हात पळून चालला होता. दोघींनाही ते माहीत होतं. नात खाली मान घालून सुटांच्या घड्या करत राहिली.

"थांबा मावशी," मालकीण म्हणाली. ती आतल्या खोलीत गेली आणि एक जुना काळा सूट घेऊन आली. रंग विटलेला, दोन्ही गुडघ्यांना ठिगळं. "हा विकायचा नाही, माझा स्वतःचा आहे. तुमची अंगलट माझ्याएवढीच दिसते. आजच्यापुरता घालून बघा."

"अहो ताई, हा तर किती जुना आहे!" नात म्हणाली.

"जुना आहे म्हणूनच तर."

आजीने सवयीप्रमाणे सूट आधी उलटा केला. काखेपाशी तिचा हात थबकला. ती सूट घेऊन खिडकीशी गेली आणि उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिली.

"सापडलं ना?" मालकीण कौतुकाने म्हणाली. "सांधा मागे आहे. बाकीच्या सुटांनी माझ्या काखा रक्ताळायच्या. सर्फिंग सोडायचंच ठरवलं होतं मी. तेवढ्यात कारखान्याच्या फाटकाशी भंगाराच्या ढिगात हा दिसला. शिवताना चुकलं असणार कुणा बाईचं. पण त्या चुकीने मला पाण्यात ठेवलं. हे दुकान, माझ्या पोरी, सगळं त्यानंतरचं. अजूनही रोज पाण्यात उतरताना मनातल्या मनात तिचे आभार मानते."

"आणि ती बाई भेटली तर?" आजीने खिडकीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"भेटली तर? हात धरून पहिल्या लाटेवर नेईन तिला."

आजीचा अंगठा शिवणीच्या शेवटी असलेल्या तीन उलट्या टाक्यांवरून फिरला. तिने डोळे पुसले. सूट सुलटा केला, स्वेटरच्या गुंड्या काढल्या आणि पायात प्लास्टिकची पिशवी चढवली.

"चला मग," ती म्हणाली.