वाटणीतला प्रिंटर

"ऑफलाइन!" धाकट्यानं पडद्यावरचा शब्द वाचला आणि प्रिंटरऐवजी पार्टिशनकडं बघून दात खाल्ले. "आजही लटकवलं बघा मोठ्या साहेबांनी."

समोर तिकिटासाठी ताटकळलेलं गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं. त्याला ना मोठे साहेब ठाऊक, ना छोटे.

वडिलांच्या माघारी दोघा भावांनी दुकान मधोमध चिरलं होतं. वाटणी इतकी काटेकोर, की छताचा पंखा नेमका रेषेवर निघाला तेव्हा वारा कुणी घ्यायचा आणि आवाज कुणी ऐकायचा, इथवर बोलणी गेली. थोरला पलीकडं घरांचे नकाशे काढू लागला, धाकटा अलीकडं प्रवासाची तिकिटं. प्रिंटर धाकट्याच्या वाट्याला आला. त्याची वायर मात्र पार्टिशनच्या भोकातून थोरल्याच्या कॉम्प्युटरला गेलेली होती, ती तशीच राहिली. त्यानंतर दोघांत शब्द नाही. धाकट्यानं तर मनाशी गाठच मारली होती: प्रिंटर गंजून पडला तरी बेहत्तर, थोरल्याला हाक मारायची नाही.

रोज तेच रडगाणं. पलीकडचं मशीन रात्री आपोआप रिस्टार्ट व्हायचं आणि इकडं प्रिंटर अंग टाकायचा. उन्हं चढल्यावर थोरल्याचं शटर अर्धं वर जायचं, खुर्ची करकरायची, मग कुठं प्रिंटर कण्हत जागा व्हायचा. हल्ली तर थोरला तेवढंच करून शटर ओढून घ्यायचा.

"माज बघा माज!" धाकटा गिऱ्हाइकांना सांगायचा. "स्वतःचं काम सोडून खास माझी नाकेबंदी करायला येतो. मी कधी गयावया करतो, याची वाट बघतोय." आणि हे तो असं तिखटमीठ लावून सांगायचा, की लोक गाडीची वेळ विसरायचे.

शेवटी त्यानं मेकॅनिकबाईंना बोलावलं. बाईंनी प्रिंटर भिंतीपासून ओढला, मागं बॅटरी मारली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, याला नेटवर्कची वायर लावायला स्वतःची जागा आहे की! थेट जोडला तर पलीकडच्यांचा संबंधच काय? आता काय होतं, तिकडं मशीन रिस्टार्ट झालं की मालकानं पासवर्ड घालेपर्यंत तुमचा प्रिंटर मुका."

"म्हणजे तो मुद्दाम उशीर करायचा!"

"ते मला काय माहीत? मी यंत्रं दुरुस्त करते, माणसं नाही." बाईंनी पार्टिशनमधली वायर उपसली, नवी जोडली. "आणि याला कायमचा पत्ता देऊन ठेवते. नाहीतर रिस्टार्टनंतर हा नव्या पत्त्यावर राहायला जायचा, आणि तुमचं मशीन जुन्या दारावर थापा मारत बसायचं."

बाईंनी कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. प्रिंटरनं सुरकुतीही न पाडता कागद बाहेर सोडला. तेवढ्यात पलीकडचं शटर अर्धं वर गेलं. खुर्ची करकरली.

धाकट्याच्या अंगात वारं शिरलं. गाठ मारलेली तो साफ विसरला. पार्टिशनवर थाप मारून ओरडला, "दादा! माझा प्रिंटर चालू झाला! उद्यापासून तुझी गरज नाही मला!"

पलीकडं खुर्ची हळूच मागं सरकली. शटर खाली यायला मात्र फार वेळ लागला.

"झालं समाधान?" बाईंनी पिशवी आवरत विचारलं. धाकट्यानं त्यांना चहा पाजला आणि दिवसभर ज्याला त्याला ही हकीकत ऐकवली. संध्याकाळपर्यंत त्या एका वाक्याचं भाषण झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं निव्वळ हौसेखातर मशीन रिस्टार्ट केलं. प्रिंटर तयार. पलीकडचं शटर वर गेलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जिरली, म्हणून त्यानं मांडीवर थाप मारली. पण उन्हं चढली की त्याचे कान आपसूक तिकडं लागायचे आणि त्याचा त्यालाच राग यायचा.

आठवडा उलटला आणि वहिनी दारात उभी राहिली. हातात पलीकडच्या दुकानाची किल्ली.

"बसा ना, वहिनी," धाकटा गडबडून उठला.

"बसत नाही, भाऊजी. त्यांच्याजवळ शेजारणीला ठेवून आलेय. ही किल्ली असू द्या तुमच्याकडं. आता काही ते यायचे नाहीत."

"का? एवढा राग आला दादाला?"

"राग कसला? डॉक्टरांनी उन्हाळ्यातच बजावलंय, अंथरुणातून उठायचं नाही. छाती पार कामातून गेलीय. नकाशे तेव्हाच बंद केले त्यांनी. पण सकाळ झाली की भिंत धरधरून निघायचे. वाटेत चार ठिकाणी टेकायचे. म्हणायचे, मी मशीन उघडलं नाही तर धाकट्याचं दुकान अडतं."

धाकटा किल्लीकडं बघत राहिला. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"त्यांनीच शपथ घातली होती. म्हणायचे, कीव येऊन बोलायला नको, मनानं बोलू दे." वहिनीनं डोळ्याला पदर लावला आणि कितीतरी दिवसांनी हसावं तशी हसली. "आणि बोललात की हो तुम्ही! त्या दिवशी घरी आले ते लहान पोरासारखे. धाकट्यानं हाक मारली, धाकट्यानं हाक मारली, एवढंच घोकतायत. पुढचं विचारलं की नुसते हसतात. काय बोललात हो, भाऊजी, एवढं?"