आधीचा साउंडबार

"या सर. आधीचा कसा चालतोय?" विक्रेत्याने दारातच विचारलं.

नवरा थबकला. मग म्हणाला, "तुमची काहीतरी गल्लत होतेय. आम्ही पहिल्यांदाच आलोय."

विक्रेत्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि जीभ चावली. "हो हो, माझंच चुकलं. दिवसभरात इतके चेहरे बघतो," असं पुटपुटत तो त्यांना आतल्या खोलीकडे घेऊन गेला.

तिच्या मनात पाल चुकचुकली. ती एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. ऱ्हस्व-दीर्घ पकडण्यात निम्मं आयुष्य गेलेल्या बाईच्या नजरेतून नवऱ्याचे लाल झालेले कान सुटणं शक्यच नव्हतं.

आतल्या खोलीत भिंतींना जाड करडं कापड ठोकलेलं होतं. मधोमध एक सोफा, समोर भलामोठा टीव्ही आणि त्याखालच्या फळीवर लांबट काळे साउंडबार ओळीने मांडलेले. विक्रेत्याने पहिला सुरू केला. पडद्यावर दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सोफा खालून हादरला.

"थिएटरच घरी आलं म्हणून समजा, मॅडम."

"आम्हाला माणसांचं बोलणं ऐकायचंय," ती म्हणाली. "हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात."

हे सांगताना ती नवऱ्याकडे बघत होती. तो साळसूदपणे टीव्हीकडे बघत होता.

दुसराही झाला. तिसरा लागला तसा नवऱ्याने रिमोट हातात घेतला आणि खाली न बघताच अंगठ्याने एक बटण दाबलं. पडद्यावरच्या बाईचा आवाज एकदम असा स्वच्छ झाला, जणू ती शेजारी येऊन बसली होती.

"यात बोलणं तेवढं वेगळं मोठं करता येतं," तो म्हणाला. "बटणही ठसठशीत आहे. चष्मा सापडला नाही तरी अडत नाही."

घरातलं वॉशिंग मशीन सुरू करायचं तर हा माणूस तिला ऑफिसात फोन करायचा. आणि त्याला चष्मा नव्हताच.

"हाच देऊ? गोदामात नवा खोका आहे का बघून येतो," विक्रेता म्हणाला आणि जरा घाईनेच सटकला. त्याने दार ओढून घेतलं. पडद्यावरची बाई बोलतच होती.

ती सोफ्यावर वीतभर लांब सरकली.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"जिच्याकडे तू हा बसवून दिलास. जिला चष्मा सापडत नाही."

नवऱ्याने रिमोट मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला. खोटं रेटून नेण्याइतका तो तयारीचा कधीच नव्हता.

"ती नाही. बाबा."

"कुणाचे बाबा?"

"तुझे."

आई गेल्यापासून तिने वडिलांच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आईचं दुखणं त्यांनी शेवटपर्यंत तिच्यापासून लपवलं होतं. ते तिने माफ केलं नव्हतं आणि करायचंही नव्हतं. नवऱ्याला हे ठाऊक होतं. त्याने तो विषय काढला की ती खोलीतून उठून जायची.

"त्यांना ऐकू येईनासं झालंय," तो खालच्या आवाजात सांगू लागला. "कानात यंत्र घालत नाहीत. टीव्ही इतका मोठा लावायचे की खालच्या मजल्यावरची माणसं भांडायला यायची. शेवटी त्या लोकांनीच माझा नंबर शोधून काढला."

"मग तू जातोस कधी?"

"रविवारी."

"रविवारी तू बॅडमिंटनला जातोस."

"रॅकेट गाडीतच असते."

दर रविवारी त्याचा शर्ट धुवायला टाकताना तिला तो कोरडा लागायचा. त्यावरून तिने मनात काय काय रचलं होतं. ते सगळं आता कोसळलं, पण हायसं वाटायच्या ऐवजी डोक्यात तिडीक गेली. तिच्या पाठीमागे दोघांचं सूत जमलं होतं तर.

"त्यांनीच पाठवलं असेल तुला. माझ्याकडे शब्द टाकायला."

"नाही."

"मग आज इथेच का आणलंस? मला कळावं म्हणूनच ना?"

"बोलणं स्पष्ट ऐकू येणारा हाच एक मला माहीत होता, म्हणून. विक्रेता दारातच असं विचारेल हे मला काय ठाऊक."

ती त्याचा चेहरा ओळ न् ओळ वाचत राहिली. चूक सापडेना.

"माझ्याबद्दल विचारतात?"

"नाही. नावही काढत नाहीत."

"बघ," ती म्हणाली. तिचंच खरं ठरलं होतं.

"मीच काढतो," नवरा म्हणाला. "तुझं ऑफिस, तुझी पाठदुखी, असलंच काहीबाही. मी बोलायला लागलो की ते रिमोट उचलतात आणि टीव्हीचा आवाज बंद करतात. माझ्याकडे बघत नाहीत. हूं की चूं नाही. मला वाटायचं, वैतागत असतील. पण माझं बोलून संपलं तरी आवाज पुन्हा लावत नाहीत. पडद्यावर चित्रं हलत असतात आणि ते तसेच बसून राहतात."

पडद्यावरची बाई आता कुणाला तरी जोरजोरात समजावत होती.

दार उघडलं. विक्रेता लांबलचक खोका मिठीत घेऊन आत आला. "शेवटचाच होता, मॅडम. खोलून ऐकवू?"

"थोडं थांबा," ती म्हणाली. "आणि आधी हा आवाज बंद करा."

त्याने गोंधळून बटण दाबलं. पडद्यावरच्या बाईचे नुसते ओठ हलत राहिले. ती नवऱ्याकडे वळून बसली.

"अजून काय काय सांगितलंस त्यांना माझं?"