मोठ्या चित्रासमोरची जागा

"आधी नाणी, मग घड्याळं, आणि चित्रं सगळ्यात शेवटी," नवरा शहराच्या नकाशावर बोट फिरवत म्हणाला. "तीन संग्रहालयं, सगळी पायी. रमतगमत जाऊ."

तिने शिवणयंत्र थांबवलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. कोपऱ्यावरून दूध आणायला सांगितलं तरी गुडघे चोळणारा हा माणूस. आज सूर्य कुठून उगवला होता?

"चित्रांचं तर घराजवळच आहे. तिथूनच सुरुवात करू की."

"नको, नको. तिथे दुपारच्या सुमारालाच पोचायचं." तो जरा जास्तच घाईने बोलला.

"का? कुणी यायचंय का तिथे?"

"कोण येणार? काहीतरीच तुझं!" तो म्हणाला, पण कान लाल झाले होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, खोटं बोलताना त्याचे कान अजून त्याचं ऐकत नव्हते.

चित्रसंग्रहालयातल्या मधल्या दालनात मोठ्या चित्रापाशी पहारा देण्यात त्याची सारी नोकरी गेली होती. नुकताच निवृत्त झाला होता. इतक्या वर्षांत त्याने तिला तिथे एकदाही नेलं नव्हतं. ती आपणहून गेली होती, एकदाच. लग्न नवं होतं. स्वतः शिवलेले ठेवणीतले कपडे घालून ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो हात मागे बांधून उभा होता. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुठल्याही परक्या बाईकडे पाहावं. एक हसू मिळेल म्हणून ती कितीतरी वेळ थांबली. हसू आलं नाही. "कामावर असताना ओळख दाखवायची नाही, असा नियम आहे," संध्याकाळी त्याने समजावलं. तिला पटलंही असतं. पण त्याच दुपारी, बाहेरच्या पायऱ्यांवर ती डोळे पुसत बसली असताना, तो सुट्टीत खाली आला आणि तिकीट-खिडकीतल्या चष्मेवालीशी खळखळून हसला. ते तिने पाहिलं होतं. म्हणजे नियम फक्त बायकोला लागू होता. त्या दिवसापासून जी पाल मनात चुकचुकली, ती कधी पुरती गप्प झाली नाही.

आणि परवा फोनवर तो कुजबुजत होता, "हो मॅडम, बुधवारी. नाही, तिला काही सांगितलेलं नाही. तुम्ही फक्त दालन थोडा वेळ मोकळं ठेवा." चष्मेवाली आता दालनांची प्रमुख झाली होती, हे त्यानेच कधीतरी सांगितलं होतं.

तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. "तुझ्याकडची मागची खोली रिकामी आहे ना?"

"आहे की. का गं ताई?"

"लागेल कदाचित. कायमची."

सगळं ऐकून बहीण हसत सुटली. "अगं, भावजींना जिना चढताना दोनदा टेकावं लागतं. त्यांना लफडं कुठून झेपायचं!"

"हसू नकोस. शिवण उसवायला एक धागा पुरतो."

बुधवारी तिने खांद्याच्या पिशवीत औषधं आणि दोन दिवसांचे कपडे भरले. खरं काय ते आज कळणार होतं. संशय खरा निघाला, तर तिथूनच बहिणीकडे जायचं. घरी परतायचं नाही.

"फिरायला एवढी मोठी पिशवी?" त्याने विचारलं.

"असू दे. वेळ काही सांगून येत नाही."

नाणी कधी आली नि कधी गेली, तिला कळलं नाही. घड्याळांच्या संग्रहालयात भिंतभर लंबक हलत होते आणि हा सारखा आपल्या मनगटाकडे बघत होता. मग तो जवळजवळ ओढतच तिला पुढे घेऊन निघाला.

चष्मेवाली दारातच उभी होती. केस पांढरेशुभ्र झाले होते. "आणलंत एकदाचं!" ती त्याला म्हणाली. मग तिच्याकडे वळून, "या वहिनी." नवरा-बायको मधल्या दालनात शिरली, तसं चष्मेवालीने बाहेरून दार लोटून घेतलं.

आत कुणीही नव्हतं. त्याने तिचं कोपर धरून तिला उभं केलं. "इथे. जरा डावीकडे. हं. आता बघ."

छताच्या काचेतून ऊन नेमकं उतरलं होतं. समोर अख्खी भिंत व्यापून नदी पसरली होती. एक होडी काठाला लागत होती. ती नाइलाजाने बघू लागली, आणि बघतच राहिली. पाणी खरंच हलत असल्यासारखं वाटत होतं. मग तिची नजर होडीच्या शिडावर गेली आणि तिला हसू फुटलं. पिशवी खांद्यावरून कधी घसरली, तिला समजलं नाही.

"अहो, शिडाला ठिगळ आहे! आणि टाके बघा, कसे वेडेवाकडे! कुणीतरी घाईत घातलेत!"

त्याला दाखवायला म्हणून तिने नजर खाली आणली. तो चित्राखाली उभा होता. हात मागे बांधलेले, चित्राकडे पाठ, अगदी त्या दिवशीसारखा. आणि एकटक तिच्या दिशेने पाहत होता. ती गर्रकन वळली. मागे कोण आलंय?

मागे कुणीच नव्हतं.

"कुणाकडे बघताय?" तिचा आवाज चिरकला.

"जन्मभर इथे असाच उभा होतो," तो म्हणाला. "हे चित्र बघताना माणसं कशी उजळतात, ते पाहत. त्या दिवशी तू आलीस, पण चित्राकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस, माझ्याकडेच बघत राहिलीस. तुझा तेवढा चेहरा बघायचा राहिला होता."