नाव नीट सांगा

"अंहं, चुकलं. परत म्हणा," कंडक्टर तिकीट हातातच धरून म्हणाला.

बाईने परत म्हटलं. या वेळी मधलं अक्षर गिळलं गेलं आणि शेवटाला भलतंच शेपूट लागलं. सगळी बस खदखदून हसली.

कंडक्टरची ही जुनी हौस. त्याच्या गावाचं नाव होतंच तसं अवघड, परक्या माणसाची जीभ काही केल्या वळत नसे. आणि ते धड म्हटल्याशिवाय हा पठ्ठ्या तिकीट देत नसे. प्रवासी लाजत, अडखळत, कसंबसं म्हणून टाकत. बाकीच्यांचा रस्ता मजेत सरायचा. कोणी चिडलंच, तर याचं ठरलेलं उत्तर, "अहो, गंमत हो!"

आज मात्र त्याचा अर्धा जीव पुढच्या सीटवर होता. तिथे आपली पिशवी टाकून त्याने जागा राखली होती. त्याच्या घराशेजारचे शिंपीकाका अंथरुणाला खिळले होते, आणि आजची रात्र निघेल याची डॉक्टरांनाही खात्री नव्हती. काकांची लेक आज याच गाडीने यायची होती. ती दोन वर्षांची असताना तिची आई तिला घेऊन दूरच्या माहेरी निघून गेली, त्यानंतर बापलेकीची भेट नाही.

"ओळखशील ना रे तिला?" काकांनी सकाळी विचारलं होतं.

"आपल्या मातीतली पोर ती," कंडक्टर छातीठोकपणे म्हणाला होता. "गावाचं नाव घेतलं की ओळखलीच म्हणून समजा."

म्हणून प्रत्येक थांब्यावर तो दाराकडे डोळे लावून होता. तोवर ही बाई होतीच.

"जमेल ताई, जमेल! पुन्हा एकदा!"

बाईने पुन्हा प्रयत्न केला. मागून कोणीतरी तिची हुबेहूब नक्कल केली. ती कानापर्यंत लाल झाली. मोडक्यातोडक्या भाषेत ती काही सांगू पाहत होती, पण हसण्याच्या गलक्यात ते कोणालाच ऐकू गेलं नाही. मग तिने दारावरची थांब्यांची पाटी वाचली आणि गावाच्या दोन थांबे अलीकडचं एक साधंसोपं नाव घेतलं. ते बरोबर आलं.

"शाब्बास!" म्हणत कंडक्टरने तिकीट तिच्या हातावर ठेवलं.

त्या थांब्यावर ती एकटीच उतरली. आसपास वस्ती नव्हती आणि पुढे जाणारी दुसरी गाडी थेट उद्या होती. बस हलली तरी ती बसकडेच बघत उभी राहिली. कंडक्टरला क्षणभर कसंसंच झालं, पण पुढच्या थांब्यावर माणसं चढली आणि तो कामाला लागला.

गाव आलं. पुढची सीट रिकामीच होती. घरी न जाता तो आधी शिंपीकाकांकडे गेला आणि त्यांच्या उशाशी बसला.

"नाही आली हो, काका. मी शेवटपर्यंत जागा धरून ठेवली होती."



"निघाली तर होती," काका म्हणाले. मग त्यांच्या थकलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. "काल फोनवर मी तिला गावाचं नाव शिकवत होतो. काही केल्या जमेचना पोरीला. शेवटी म्हटलं, येईल तसं म्हण गं. कंडक्टर आपलाच आहे."