विरघळलेले मणी

बादलीत जाळं पडलं आणि मणी विरघळले.

एक. दोन. मग सगळेच. जाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याला खालून सुतळीने बांधलेले अठरा मातीचे मणी तळाशी चिखल होऊन बसले. नऊ वर्षांची खुशी बादलीवर वाकून बघतच राहिली.

"झाला इतिहास?" तिचा बाप, प्रविण, म्हणाला.

एका हातात गाडीची किल्ली. खिशात खुशीला पुन्हा शाळेत घालायचा फॉर्म. फॉर्म द्यायची आज शेवटची तारीख, आणि ऑफिस दोनला बंद. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तो दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. जवाहरनगरचं क्वार्टर. दोन खोल्या. माणूस फिरून फिरून फिरणार किती?

वर्षापूर्वी खुशीचं शाळेत बोलणंच बंद झालं होतं. आईने, रीताने, तिला काढून घेतलं आणि घरीच शिकवायला बसली. एक वर्ष, प्रविणने अट घातली होती. वर्ष संपलं. पोरगी आता दिवसभर बडबडते, हे खरं. पण शिकली काय? चपलांच्या खोक्यांची घरं. चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली फर्मानं. आणि भिंतभर चिठ्ठ्या. रीताचा नियमच होता: प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, आणि पुराव्याशिवाय चिठ्ठी नाही.

*वस्तू: जाळ्याचे मणी.*
*काळ: साडेचार हजार वर्षांपूर्वी.*
*कोणी केले: हडप्पाचे लोक.*
*पुरावा: खोदकामात सापडले.*

आणि तिच्या शेजारी, घरातल्या माणसांच्या रांगेत:

*आजोबा: फकिरा.*
*गाव: साकोलीजवळ.*
*काम: शेती.*
*पुरावा: पप्पांनी सांगितलं.*

ही दुसरी चिठ्ठी लागल्यापासून प्रविण त्या भिंतीकडे पाठ करूनच जेवायला बसत असे.

"पानिपतची तिसरी लढाई. साल सांग," तो म्हणाला.

खुशीने बादलीतल्या चिखलात बोट फिरवलं.

"पाह्य रीता. परीक्षेत चिखल नाही विचारत. साल विचारते."

"साल एका दिवसात पाठ होते," रीता म्हणाली. "प्रश्न विचारणं नाही होत."

"अन् विचारला काय तिनं प्रश्न?"

"मम्मी," खुशी बादलीत बघतच म्हणाली, "हडप्पावाल्यायचे मणी काहून नाही विरघळले?"

"भाजले असतील ना."

"आपण पण भाजले. तव्यावर."

रीताने मोबाइल हातात घेतला. "थांब, मोबाइलवर पाहतो."

"हां, पाह्य मोबाइल!" प्रविणने किल्ली खणखणवली. "खुशी, चप्पल घाल. चल."

खुशीने एक चप्पल घातली. दुसरी राहिली. तिने तळातला चिखल काढला, गोळा वळला, पेन्सिलच्या टोकाने भोक पाडलं. गोळा फुटला. पुन्हा वळला. फुटला. पुन्हा.

प्रविण बघत होता. बघायचं नव्हतं, तरी. चौथा गोळा फुटला तेव्हा किल्लीचा आवाज थांबला.

"तसं नाही."

दोघींनी वर पाहिलं.

"भोक मागून नाही पाडत." तो उकिडवा बसला. किल्ली फरशीवर. "काडी आण. धानाची नसंल तर खराट्याची."

काडीभोवती त्याने माती लपेटली, तळहातांत फिरवली, एकदाच, पुढे सरकवली, दुसरा वळला. "काडी आतच ठेवायची. भाजताना जळून जाते, भोक राहते. अन् तव्यावर नाही भाजत बाप्पा! धानाच्या कोंड्यात पुरायचे. वरून आग. जाळ नाही निघाला पाहिजे, धूर निघाला पाहिजे. तीन दिवस."

हात आपसूक चालले होते. फरशीवर मणी. पाच. सात. नऊ. सगळे एका मापाचे. रीताने मोबाइल पालथा ठेवला. तिला ठाऊक होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्याने बजावलं होतं, क्वार्टरमध्ये हा विषय नको.

"पप्पा, तुमाले हे कोणी शिकवलं?"

पावणेदोन. शाळा गाडीने पाच मिनिटांवर. अजून जमलं असतं. आणि उत्तरही तयार होतं, अगदी ओठांवर: मोबाइलवर पाहिलं.

"तुह्या आजोबानं."

"पण आजोबा तर शेती करत होते ना?"

रीता बादली उचलायला उठली आणि उचलता उचलता तशीच थांबली.

"शेत कुठं होतं आपल्याजवळ," प्रविण मातीला म्हणाला. "गावाची बोडी होती. तलावच, पण लहान. बाबा त्याच्यात जाळं टाके. शिश्याचे मणी महाग. मातीचे मी करो. रोज, शाळेच्या आधी."

"मग मले शेती काहून सांगितली?"

त्याने दहावा मणी वळला. तो वाकडा झाला. मोडून पुन्हा वळला.

"वर्गात पोट्टे नाक धरत. मासोळीचा वास येते म्हणत. मी राखेनं हात घासो. तरी धरत."

खुशीने त्याचा हात ओढून नाकाशी नेला. हुंगला.

"मातीचाच येते," ती म्हणाली.

दोन वाजले. खिशातल्या फॉर्मला गुडघ्यावरचं चिखलपाणी लागलं होतं. प्रविणच्या ते ध्यानातही नव्हतं. कोंडा कुठे मिळेल, हे तो रीताला सांगत होता. लाखनीच्या राइस मिलमध्ये. पोतंभर. उद्याच.

खुशी एका चपलेनेच भिंतीपाशी गेली. एक चिठ्ठी काढली, खाली बसून खोडली, फुंकर मारली, पुन्हा चिकटवली.

*आजोबा: फकिरा.*
*गाव: साकोलीजवळ.*
*काम: मासे धरणे.*
*पुरावा: पप्पांचे हात.*