नव्या पुस्तकांची यादी

चित्र इतकं घाणेरडं होतं की ग्रंथपाल बाईंनी पडद्यावर पुठ्ठाच आडवा धरला. चित्राखाली ‘खास तुमच्यासाठी’ असं लिहिलेलं, आणि त्याखाली बाईंचं नाव, हुद्द्यासकट. सकाळपासून हा मेल वाचनालयाच्या चारशे सभासदांकडे पोचला होता. दोघांनी फोन करून शिव्या दिल्या. अध्यक्षांनी फोन करून नुसता सुस्कारा सोडला, तो जास्त लागला.

संगणक दुरुस्तीवाल्याला मात्र त्याचं काहीच नव्हतं.

“परवा अनोळखी काही उघडलं होतंत का?”

“छे हो. नव्या पुस्तकांची यादी आली होती, तेवढी उघडली.”

“तीच ती. यादीबिदी काही नसते. ती पासवर्ड विचारते, आपण भोळेपणाने देतो, आणि मग ते भामटे आपल्या नावाने गावभर वाट्टेल ते पाठवत सुटतात.”

“आणि ज्याचं नाव, त्याला पत्ताच नाही?”

“लागतो की पत्ता. शिव्या यायला लागल्या की.”

बाई हसल्या नाहीत. नव्या पुस्तकांची यादी. हेच शब्द आठ महिन्यांपूर्वी याच टेबलासमोर उभं राहून डिंककाकांनी उच्चारले होते. फाटकी पुस्तकं चिकटवून ज्यांची बोटं कायम चिकट असायची, म्हणून अख्खं वाचनालय ज्यांना डिंककाका म्हणायचं, ते. त्यांच्या नावाने हेच चित्र गेलं होतं.

“बाई, मी नुसती यादी उघडली हो.”

“चोराच्या उलट्या बोंबा!” बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, आणि एकवीस वर्षं काम केलेल्या माणसाला त्याच दुपारी घरी पाठवलं होतं. काकांनी हातातलं अर्धवट चिकटवलेलं पुस्तक आधी नीट वजनाखाली ठेवलं, मग आपला डबा उचलला. आज बाईंनी तासाभरात दुरुस्तीवाला बोलावला. तेव्हा त्यांना तो बोलवावासाही वाटला नव्हता.

“आता सगळ्यांना एक खुलासा पाठवून टाका,” दुरुस्तीवाला म्हणाला.

बाईंनी लिहिलं, ‘तो मेल मी पाठवलेला नाही. कृपया माझ्यावर विश्वास ठेवा.’ दुसरं वाक्य लिहिताना बोटं अडखळली. पण दुसरं काय लिहिणार? खुलासा चारशे जणांना गेला.

दहा मिनिटं कुणाचंच काही आलं नाही. एरवी सभासदांना धाकात ठेवणाऱ्या बाई नखं खात बसल्या. अध्यक्षांनी नाही ठेवला विश्वास तर? बायकांनी येणं बंद केलं तर?

मग एक उत्तर आलं. डिंककाकांचं. त्यांची नोकरी गेली होती, पण सभासदत्व रद्द करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

‘बाई, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही असलं काही करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. इतकी वर्षं एकत्र काम केलं ते काय उगाच?’

“बघा, एकाने तरी ठेवला विश्वास!” दुरुस्तीवाला पिशवीची चेन ओढत म्हणाला. “आता येतील बाकीच्यांचीही उत्तरं. निघू मी?”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. स्वच्छ झाला तरी पुसत राहिल्या.

“बसा जरा,” त्या म्हणाल्या. “आठ महिन्यांपूर्वीचा एक खुलासा राहिलाय.”